झाडावरची शस्त्रक्रिया

वैशाख सरत आला, की पुण्यात दुपारनंतर आभाळ भरून येते. वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात आणि वळवाचा पाऊस कोसळतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘झाडपडी’ हा शब्द हमखास दिसतो. कोठे रिक्षावर फांदी पडलेली असते, तर कोठे विजेच्या तारांवर. तळजईच्या टेकडीच्या पूर्वेला पसरलेल्या बिबवेवाडीत अनेक सोसायट्यांच्या आवारात गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ, आंबा अशी झाडे इमारतींना खेटून वाढली आहेत. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर तेथे फांद्या छाटणाऱ्यांचे टेम्पो दिसू लागतात. टेम्पोत दोराची वेटोळी, शिडी, कोयते, चेन सॉ म्हणजे साखळी-करवत, आणि चार-पाच माणसांची टोळी!

मित्रांनो, हे काम वरवर पाहता नुसत्या ताकदीचे वाटते. परंतु ते नीट केले, तर ती झाडावरची शस्त्रक्रियाच असते. डॉक्टरांच्या शस्त्रांची जेवढी निगा राखावी लागते, तेवढीच या हत्यारांचीही राखावी लागते. का, ते आपण पाहू.

वारा आणि तरफ

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की झाडावर पडणारा त्याचा जोर दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट होतो. शिवाय झाड ही एक मोठी तरफ आहे. पर्णसंभार जितका उंच, तितके मुळांपाशी येणारे परिबल, म्हणजे बल गुणिले अंतर, जास्त. आडव्या लांब फांदीचेही तसेच. तिच्या टोकाकडील थोडेसे वजन बुंध्यापाशी मोठा ताण निर्माण करते. म्हणून जाणकार माणूस लांब फांदीचे टोक एखाद्या योग्य उपफांदीपर्यंत मागे घेतो आणि वाळलेल्या फांद्या आधी उतरवतो.

बरेच लोक मात्र झाडाचा सारा शेंडाच उडवून टाकायला सांगतात. वर्षभर झाड बुटके दिसते. मग कापलेल्या टोकांपाशी नव्या फुटव्यांचे झुबके येतात. मूळची फांदी खोडाच्या लाकडात खोलवर गुंतलेली असते; हे फुटवे फक्त वरच्या थरांना चिकटलेले असतात. खालचे लाकूड कुजू लागते आणि वरचे फुटवे जाड होत जातात. काही वर्षांनी वादळात तेच मोडून पडतात. म्हणजे आजची चुकीची छाटणी ही उद्याची झाडपडी असते.

जखम भरत नाही, झाकली जाते

आपले बोट कापले, तर जुन्या पेशींच्या जागी नव्या पेशी येऊन जखम भरते. झाडाला हे जमत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी हजारो खोडे उभी चिरून तपासली. जखमेभोवती झाड जणू तटबंदी उभारते, कूज आतल्या आत कोंडते आणि वरून नव्या लाकडाचे आवरण चढवते, असे त्यांनी दाखवून दिले. हे विवेचन त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले.

फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे एक फुगीर कडे असते. तटबंदीची खरी तयारी या कड्याच्या भागात असते. म्हणून फांदी कड्याच्या अगदी बाहेरून कापावी. खोडाला घासून कापली तर कडेच नष्ट होते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो, आणि झाडाला आवरण चढवता येत नाही.

जड फांदी एका घावात वरून कापली, तर ती अर्ध्यातच मोडते आणि जाताना खोडाची लांबच लांब साल सोलून नेते. यावर उपाय तीन कापांचा. पहिला काप खोडापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर, खालून, फांदीच्या पाव ते तिसऱ्या भागापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी पडते, पण साल पहिल्या कापापाशीच तुटते. तिसऱ्या कापात उरलेला खुंट कड्याबाहेरून काढायचा. कापावर डांबर किंवा रंग फासण्याची आवश्यकता नसते. शिगो यांच्या प्रयोगांत अशा लेपांनी कूज थांबल्याचे दिसले नाही. गरज असते ती धारदार पात्याची. बोथट कोयत्याने लाकूड चिरडते, साल फाटते आणि बुरशीला घर मिळते. रोगट झाड कापल्यावर पाते स्पिरिटने पुसावे, म्हणजे रोग पुढच्या झाडावर जात नाही.

दोराचे गणित

आता आकडेमोड करू. ३० सेंटीमीटर व्यासाचा, २ मीटर लांबीचा ओला ओंडका घ्या. त्याचे आकारमान सुमारे ०.१४ घनमीटर. ओल्या लाकडाची घनता पाण्याएवढी धरली, तर वजन १४० किलोग्रॅम! हा ओंडका १० मीटरवरून सुटला, तर जमिनीवर सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने आदळेल. खाली फरशी असो, मोटार असो किंवा माणूस.

म्हणून ओंडका दोराने उतरवतात. पण १४० किलोग्रॅम एका माणसाला कसे पेलणार? येथे घर्षण मदतीला येते. खाली उभा असलेला माणूस दोराचे वेढे बुंध्याला देतो. घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ताण सुमारे साडेसहा पटींनी कमी होतो. दोन वेढ्यांनी साडेसहा गुणिले साडेसहा, म्हणजे सुमारे ४२ पटींनी. मग १४० किलोग्रॅमचा ओंडका धरायला साडेतीन किलोग्रॅमहूनही कमी जोर पुरतो! तुम्हीही हे करून पाहा. एक लिटर पाण्याची बाटली सुतळीने बांधा, सुतळीला खिडकीच्या आडव्या गजाभोवती एक, दोन, तीन वेढे द्या आणि दुसरे टोक बोटाने धरा. फरक लगेच जाणवेल.

मात्र दोराची खरी परीक्षा झटक्यात होते. ओंडका आधी २ मीटर मोकळा पडला आणि दोराने त्याला पुढच्या अर्ध्या मीटरमध्ये थांबवले, तर दोरावर सरासरी पाचपट, म्हणजे ७०० किलोग्रॅम वजनाएवढा ताण येतो. दोर मुळीच ढिला नसेल तर हा झटका टळतो. दोरावरील गाठही त्याचे बळ बरेच कमी करते.

शिवाय ओंडक्याची स्थितिज ऊर्जा कोठे जाते? १० मीटर उतरताना सुमारे १३,७०० जूल उष्णता दोर आणि साल यांच्यामध्ये निर्माण होते. घाईने दोर सोडला, तर नायलॉनचे वरचे तंतू वितळून एकमेकांना चिकटतात. असा चकचकीत, कडक झालेला दोर कमकुवत समजावा. ऊन, रॉकेल-पेट्रोलचे डाग आणि पिळात शिरलेली वाळू हेही दोराचे शत्रूच. कामानंतर दोर झटकून, धुऊन, सावलीत वाळवावा. दुसऱ्या दिवशी वापरण्यापूर्वी हाताखालून वीत-वीत सरकवून तपासावा. ज्या दोराने ओंडके उतरवले, त्याच दोरावर माणसाने कधीही लटकू नये.

हाडांपासून लाकडापर्यंत

चेन सॉचा इतिहास मजेदार आहे. जर्मनीतील बर्नहार्ट हाइने यांनी १८३० मध्ये हाडे कापण्यासाठी दातेरी साखळीचे, हाताने फिरवायचे उपकरण बनवले होते. लाकडासाठी विजेवर चालणारी साखळी-करवत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ मध्ये तयार केली. म्हणजे हे हत्यार शस्त्रक्रियेच्या टेबलावरून झाडावर आले!

आजच्या चेन सॉची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. तिचे बहुतेक इंजिन दोन टप्प्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक असते. त्यात वंगण वेगळे नसल्याने पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. प्रमाण ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर. हे विसरले, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि यंत्र निकामी होते. साखळीचे तेल वेगळ्या टाकीत भरावे लागते. हवेची जाळी रोज झाडावी लागते.

साखळीची धार कशी ओळखावी? धारदार साखळी लाकडाचे चौकोनी कपटे उडवते. बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते. भुसा दिसला, की काम थांबवून प्रत्येक दात्यावर गोल कानस फिरवायची. हे टाळले, तर माणूस यंत्र रेटू लागतो आणि फांदीवर त्याचा तोल जाण्याची भीती असते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे सारे यंत्र उसळून अंगावर येते. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. यासाठी यंत्राला साखळी थांबवणारा ब्रेक असतो. तो रोज सकाळी तपासला पाहिजे.

धंदा आणि जबाबदारी

हा धंदा हंगामी आहे. मे-जूनमध्ये उसंत नसते. दुरुस्तीची वेळ त्यापूर्वी, थंडीत. दोर, शिरस्त्राण, कंबरपट्टा, कानस यांचा खर्च कामाच्या दरात धरावाच लागतो. जो सर्वांत कमी दर सांगतो, तो बहुधा याच खर्चात काटकसर करतो. मोबदला तोडलेल्या लाकडावर ठरला, तर गरजेपेक्षा जास्त तोडण्याचा मोह होतो. म्हणून किती फांद्या व कोठे कापायच्या, हे आधी ठरवून घ्यावे. तसेच महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड स्वतःच्या अंगणातले असले, तरी महापालिकेची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना खास संरक्षण दिले आहे.

तुमच्या आवारातील एखाद्या झाडावरची जुनी कापलेली जागा शोधा. तिच्याभोवती नव्या लाकडाचे गोल, भरीव कडे चारही बाजूंनी आत येताना दिसले, तर तेथे जाणत्या हाताने, धारदार पात्याने काम केले होते असे समजा. वाळका खुंट किंवा काळी ढोली दिसली, तर त्या फांदीखाली खेळू नका आणि सोसायटीतल्या मोठ्या माणसांना ती जागा दाखवा. वळवाचा पाऊस येण्यापूर्वी!