नावामागचे गाव

उदगीर हे लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे एक जुने गाव. १७६० च्या फेब्रुवारी महिन्यात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो येथेच, आणि २०२२ च्या एप्रिल महिन्यात पंचाण्णवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेही येथेच. गावात असा एखादा समारंभ ठरला, की चौकात फलक लागतो : ‘सर्व उदगीरकरांनी अगत्याने उपस्थित राहावे.’ तो वाचून पाटील येतात, बिरादार येतात, कांबळे, शेख, स्वामी, सूर्यवंशी असे सारे येतात; कारण उदगीरला राहणारे ते सर्वच उदगीरकर होत. परंतु ‘उदगीरकर’ हे ज्याचे आडनावच आहे, असा मनुष्य हवा असेल, तर तो बहुधा नांदेड, पुणे, हैदराबाद अशा दूरच्या शहरांत शोधावा लागतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांच्या अगदी उलट आहेत. फलकावरचा उदगीरकर म्हणजे उदगीरला राहणारा. आडनावाचा उदगीरकर म्हणजे ज्याच्या पूर्वजांनी उदगीर सोडले तो.

असे का व्हावे, हे थोडा विचार केल्यास सहज ध्यानी येते. नाव हे माणसे निराळी ओळखता यावीत म्हणून असते. ज्या गावात सगळेच उदगीरचे, तेथे एखाद्यास उदगीरकर म्हणून हाक मारली तर ती नेमकी कोणास समजावी? मात्र तोच मनुष्य पोटापाण्यासाठी परगावी गेला, की तेथील लोक विचारतात, ‘हे नवे बिऱ्हाड कोठले?’ ‘उदगीरचे.’ झाले! दुसऱ्या दिवसापासून ते ‘उदगीरकरांचे बिऱ्हाड’ होते. म्हणजे हे आडनाव त्या मनुष्याने स्वतः घेतले असे म्हणण्यापेक्षा नव्या गावाने त्याला ते दिले, असे म्हणणे अधिक खरे आहे. पुढे मुलाचे नाव शाळेत घालताना गुरुजींनी तेच पटावर लिहिले, जमिनीच्या कागदावर तेच आले आणि बोलण्यातील ओळख कायमची होऊन बसली.

पूर्वी प्रत्येकाला आडनाव असलेच पाहिजे, असा दंडक नव्हता. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार ह्या संतांची नावे सर्वांच्या ओठी आहेत. त्यांतील दुसरा शब्द हा त्यांचा व्यवसाय होय. लहान गावात एवढी ओळख पुरे होत असे. पलटणीतील यादी, कचेरीतील दप्तर आणि शाळेतील पट ह्यांचे राज्य वाढले, तेव्हा प्रत्येक मनुष्याला आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन पदांचे पूर्ण नाव सांगणे भाग पडले. ज्याच्याकडे वतन होते त्याने वतन सांगितले, ज्याच्याकडे धंदा होता त्याने धंदा सांगितला, कोणी आपले कूळ सांगितले; आणि कित्येकांनी गाव सांगितले.

नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील काही प्रसिद्ध पुरुषांची नावे पाहिली, तर हे प्रकार एकत्रच दिसतात. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले शंकरराव चव्हाण आणि विलासराव देशमुख हे अनुक्रमे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील नेते. चव्हाण हे कुळाचे नाव, तर देशमुख हे परगण्याच्या मुख्य वतनदाराच्या हुद्द्याचे नाव. १९८५ मध्ये मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि १९९१ ते १९९६ ह्या काळात लोकसभेचे अध्यक्ष असलेले शिवराज पाटील चाकूरकर ह्यांच्या नावांत तर दोन-दोन आडनावे एकापुढे एक उभी आहेत. ह्याचेही कारण तेच. पाटील हा गावाचा मुख्य; आणि जितकी गावे तितके पाटील! वतने पुढे कायद्याने गेली, पण आडनावे राहिली. तेव्हा नुसते ‘पाटील’ म्हटल्याने ओळख पटेना, म्हणून पाठीमागे निलंगा आणि चाकूर ही गावे जोडावी लागली. जे काम पूर्वी पाटीलकीने होत असे, ते करण्यास आता गाव धावून आले.

‘कर’ हा प्रत्यय मराठीत फार कामाचा आहे. गावाच्या नावापुढे तो आला, की ‘त्या ठिकाणचा’ असा अर्थ होतो. पण तो जोडताना मराठी जीभ एका नियमाने चालत नाही. लातूर, नांदेड, देगलूर, कंधार ह्यांना ‘कर’ सरळ लागतो. निलंग्याचा मात्र निलंगेकर होतो आणि औशाचा औसेकर. ह्यावरून ‘आ’चा ‘ए’ होतो असा नियम बांधावा, तर वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव आडवे येते. तेथला तो कुरुंदेकर न होता कुरुंदकर झाला. नरहर कुरुंदकर हे मराठवाड्याचे थोर विचारवंत. त्यांचे नाव कुरुंद्याचे, परंतु त्यांनी अध्यापन केले ते नांदेडला. वाईचा वाईकर होताना ‘ई’ टिकते, मंगेशीचा मंगेशकर होताना ती गळते. नांदेड जिल्ह्यात भोकर नावाचे एक गाव आहे. त्याच्या शेवटी जो ‘कर’ आहे, त्याचा ह्या प्रत्ययाशी काही संबंध नाही. भोकर हे एका झाडाचेही नाव आहे. तेव्हा ‘कर’ दिसला की लगेच ‘भो’ नावाचे गाव नकाशात शोधू नये.

गाव सुटले आणि आडनाव मिळाले, ह्याची थोर उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत. नीरा नदीच्या काठी होळ नावाचे एक लहानसे खेडे आहे. १६९३ साली जन्मलेले मल्हारराव ह्या गावचे. वडील वारल्यामुळे आई त्यांना अगदी बालपणीच घेऊन खानदेशात तळोदे येथे भावाकडे गेली. होळ सुटले ते सुटलेच. पण त्या गावाचे नाव मल्हाररावांनी थेट माळव्यात नेले, आणि एका खेड्याचे नाव लावणारे होळकर घराणे इंदूरला दोन शतकांहून अधिक काळ नांदले. गायक व नट दीनानाथ ह्यांनी गोव्यातील मंगेशी ह्या आपल्या गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. त्यांच्या कन्या लता मंगेशकर ह्यांच्यामुळे त्या गावाचे नाव सर्व जगाच्या कानी गेले.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांची हकीकत ह्याहून मोलाची आहे. त्यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सैन्यात असल्याने त्यांचा जन्म १८९१ मध्ये दूर महू येथे झाला. गावाच्या नावावरून प्रथम ‘आंबडवेकर’ असे आडनाव झाले आणि पुढे त्याचे ‘आंबेडकर’ असे सुटसुटीत रूप बनले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचा प्रवेश झाला, तेव्हा पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव लिहिले गेले. ज्या गावात त्यांचे बालपण गेले नाही, त्याच गावाचे हे नाव. आणि येथे ‘कर’ प्रत्ययाचा एक मोठाच गुण दिसून येतो. कुलकर्णी, सुतार, कुंभार ही आडनावे ऐकताच लोक मनात जातीचा अंदाज बांधू लागतात. गावाचे नाव तसे काही सांगत नाही. गाव सर्वांचे असते. त्यावरून नाव घेणारे सर्व जातींचे आणि अनेक धर्मांचे आहेत. म्हणूनच, जातीवरून किंवा धंद्यावरून हिणवणारे जुने नाव ज्यांना नको होते, अशा अनेक घराण्यांनी गावाचे नाव मानाने पुढे केले. नुसत्या आडनावावरून माणसाची पारख करू पाहणाऱ्यांची ह्यामुळे फजिती होते, हे बरेच झाले.

उदगीरच्या भागात तर आणखी एक गंमत आहे. येथे मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू ह्या चारही भाषा बाजारात ऐकू येतात, आणि त्या चौघींनीही आडनावांना आपापला हात लावला आहे. मराठी ‘कर’ लावते, तेथे उर्दू नुसती ‘ई’ लावते. मराठी नियमाने जो औरंगाबादकर झाला असता, तो अठराव्या शतकातील प्रसिद्ध कवी सिराज औरंगाबादी म्हणून ओळखला गेला. देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या बाजूस ‘वार’ ने संपणारी आडनावे विपुल आढळतात. हा तेलुगूतील ‘वारु’ शब्द होय. तो आदर दाखवतो आणि ‘अमक्यांच्या घरचे लोक’ असाही त्याचा आशय असतो. चंद्रपूरकडील मुनगंटीवार, वडेट्टीवार ही आडनावे ह्याच वळणाची. कन्नड भाषेतून ‘हिरेमठ’ आले. ‘हिरे’ म्हणजे मोठा, आणि मठ तर मराठीच्या ओळखीचाच. सीमेच्या अलीकडे बिराजदार भेटतात, तर पलीकडे बिरादार. आणि उदगीरसारख्या ठिकाणी दोन्ही भेटतात.

गावे जागची हलत नाहीत, पण सीमा हलतात. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हे तीन तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. १९६० साली ते महाराष्ट्राचे झाले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा निराळा झाला. बीदर आणि भालकी मात्र त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिली. त्यामुळे महाराष्ट्रातील बीदरकराचे किंवा भालकीकराचे गाव आज दुसऱ्या राज्यात आहे, आणि हैदराबादेतील उदगीरकराचेही तसेच. कल्याणकर हे आडनाव ऐकून तर क्षणभर थांबावेच लागते. ते मुंबईजवळच्या कल्याणवरून आले, की बीदरकडील बसवकल्याणवरून? घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारल्यावाचून ह्याचा उलगडा होत नाही. आणि ती माणसे गेली, की कायमचाच होत नाही.

उदगीरची माणसे कोणकोणत्या दिशांना गेली, ह्याचा माग इतिहासावरून लागतो. हे गाव निजामाच्या राज्यात असताना मोठी कचेरी, मोठे न्यायालय आणि मोठी विद्यालये हैदराबादला होती. उदगीरवरून जाणारा लोहमार्गही एका बाजूस बीदर, विकाराबादकडे आणि दुसऱ्या बाजूस परळीकडे जातो. साहजिकच नोकरी, वकिली, व्यापार ह्यांसाठी पावले तिकडे वळली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचा मुक्तिसंग्राम यशस्वी झाला. त्या लढ्याचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यासी घर सोडतो, तसे आडनावही सोडतो. म्हणून नांदेडच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले, त्यात खेडगी गावाची खूण उरली नाही. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर शिक्षणासाठी आणि कामासाठी तरुणांचा ओढा पुण्या-मुंबईकडे वाढला. देगलूर गावचे नाव लावणारे मूर्तिशास्त्राचे पंडित डॉ. गो. बं. देगलूरकर ह्यांचे संशोधन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. सासरचे आडनाव लावणाऱ्या कितीतरी स्त्रिया तर, जे गाव त्यांनी किंवा त्यांच्या पतीनेही पाहिले नाही, त्या गावाचे नाव जन्मभर लिहीत आल्या आहेत.

गावावरून नाव पडण्याची ही रीत केवळ मराठी मुलखातील नाही. इटलीतील विंची नावाच्या गावी १४५२ साली जन्मलेला थोर चित्रकार लिओनार्दो ‘दा विंची’, म्हणजे विंचीचा, म्हणून ओळखला जातो. तो महाराष्ट्रात असता तर लोकांनी त्यास विंचीकरच म्हटले असते. इंग्लंडच्या उत्तरेस वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. त्यावरून एका घराण्याचे आडनाव पडले, त्या घराण्याची एक शाखा अमेरिकेत गेली, तिच्यात जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन तेथील पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या आडनावावरून राजधानीच्या नगरास नाव मिळाले. गावाचे आडनाव झाले आणि आडनावाचे पुन्हा गाव झाले!

मराठी गावांची नावेही अशीच समुद्रापार गेली आहेत. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल ह्या यहुदी समाजाची वस्ती शेकडो वर्षे होती. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी आपल्या गावांवरून आडनावे घेतली : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवे आगरचे दिवेकर. १९४८ साली इस्राएल हे राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. त्यांच्या मुलांची आणि नातवंडांची भाषा आता हिब्रू आहे. पण तिकडच्या घरांच्या दारांवर पेण आणि रोहे ही कोकणातील गावे हिब्रू अक्षरांत लिहिलेली सापडतात.