सीक्वेलला सहानुभूतीचे मार्क?

शो संपला, आम्ही पाच जण मॉलच्या लिफ्टसमोर उभे. एरवी सुपरहिरोचा सिनेमा बघून बाहेर पडलं की लिफ्ट येईपर्यंत निम्मी भांडणं उरकलेली असतात. त्या दिवशी मात्र सगळे गप्प. शेवटी एक मैत्रीण हळूच म्हणाली, "लांबला यार. पण असं म्हणताना गिल्टी वाटतंय."

सिनेमा होता 'ब्लॅक पँथर : वकांडा फॉरएव्हर'. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला. आणि तिला गिल्टी का वाटतंय, हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

२०१८ च्या पहिल्या 'ब्लॅक पँथर'चा हीरो चॅडविक बोजमन २८ ऑगस्ट २०२० ला कोलन कॅन्सरने गेला. वय फक्त ४३. निदान २०१६ मध्येच झालं होतं, पण त्याने जगाला कळू दिलं नाही. पडद्यावर धबधब्यात उभं राहून सिंहासनासाठी लढणारा राजा टी'चाला प्रत्यक्षात तेव्हा आजाराशीही लढत होता. दिग्दर्शक रायन कूग्लरने तर दुसऱ्या भागाची स्क्रिप्ट त्यालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. ती बाजूला ठेवावी लागली. दुसरा नट घ्या, अशी मागणी फॅन्सनी लावून धरली. मार्व्हलने दुसरा नट घेतला नाही आणि कम्प्युटरवर बोजमनचा चेहराही उभा केला नाही. हीरोसोबत त्याच्या पात्रालाही निरोप द्यायचं ठरलं.

आता अशा सिनेमाला मार्क द्यायचे कसे?

एक रस्ता सोपा आहे. पहिला भाग शेजारी ठेवा आणि वजाबाकी करा. पहिल्याला तीन ऑस्कर, शिवाय बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन. तोवर कुठल्याच सुपरहिरोपटाला ते मिळालं नव्हतं. जगभरात कमाई १३० कोटी डॉलरच्या वर. दुसऱ्याची सुमारे ८५ कोटी. झाला निकाल! पण ही तुलना म्हणजे घरातला कर्ता माणूस गेल्यावर आलेल्या पहिल्या दिवाळीला 'गेल्या वर्षीसारखी मजा नाही' म्हणण्यासारखं आहे.

दुसरा रस्ता त्याहून सोपा. बिचाऱ्यांनी काय काय सोसलं, म्हणून डोळे झाकून दहापैकी नऊ. आमच्यातल्या दोघांनी तेच केलं. मला हे जास्त खटकतं. दयेने दिलेले मार्क म्हणजे मनापासून बघितलंच नाही, असं झालं.

मग मी तिसराच रस्ता धरला. सिनेमाने स्वतःच स्वतःला कुठला पेपर दिलाय ते आधी बघायचं आणि तोच तपासायचा. इथे पेपर स्पष्ट आहे. ज्याच्या भरवशावर सगळं उभं होतं तोच गेला, आता मागे राहिलेल्यांनी करायचं काय? (इथून पुढे स्पॉयलर आहेत. नंतर ओरडायचं नाही!)

या पेपरात सिनेमा कितीतरी ठिकाणी पैकीच्या पैकी मिळवतो. सुरुवातीलाच धाकटी बहीण शुरी लॅबमध्ये धडपडतेय. जगातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि भावाला वाचवता येत नाही. मग अंत्ययात्रा. सगळं वकांडा पांढऱ्या कपड्यांत. शोकाचा पांढरा रंग आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर मार्व्हलचा लोगो येतो, त्यात फक्त बोजमन, आणि आवाज शून्य. आमच्या थिएटरमध्ये पॉपकॉर्न चावायचा आवाजसुद्धा थांबला होता.

अँजेला बॅसेटची राणी रामोंडा भर दरबारात जे फुटते ना, त्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल. नवरा गेला, मुलगा गेला, आता मुलगीही पळवून नेलेली. बॅसेटला या रोलसाठी गोल्डन ग्लोब मिळालं. कॉस्च्युम डिझायनर रुथ कार्टरने दुसऱ्यांदा ऑस्कर नेलं. रिहानाचं 'लिफ्ट मी अप' हे गाणंही ऑस्करच्या शर्यतीत होतं, पण त्या वर्षी आपलं 'नाटू नाटू' जिंकलं.

व्हिलन नेमोरही नुसता मारामारीपुरता नाही. स्पॅनिश आक्रमकांपासून पळून समुद्रात गेलेल्या माया लोकांचा तो राजा. त्याचा रागही खरा आहे. आणि शुरी पूर्वजांच्या लोकात जाते तेव्हा तिला आई नाही, चक्क किलमाँगर भेटतो! दुःखाच्या पोटात सूड लपलेला असतो, हे भाषण न देता कळतं.

मग लांबला कुठे? जिथे सिनेमा हा पेपर सोडून मार्व्हलचा गृहपाठ करायला बसतो तिथे. एमआयटीतली रिरी विल्यम्स मुलगी म्हणून गोड आहे, पण ती मुख्यतः पुढच्या 'आयर्नहार्ट' सिरीजची पायाभरणी करायला आलीय, हे लपत नाही. सीआयएवाला रॉस आणि त्याची एक्स-बायको यांचा ट्रॅक काढून टाकला, तर कथेचं फारसं काही अडणार नाही. शेवटची समुद्रावरची लढाई तर 'बजेट आहे ना, मग करा' छाप. पहिला भाग २ तास १४ मिनिटांचा, हा २ तास ४१ मिनिटांचा. मधली बरीच मिनिटं शोकाची नाहीत, कंपनीच्या कॅलेंडरची आहेत. त्यामुळे या पसाऱ्यावर टीका करताना बोजमनचा अपमान वगैरे होत नाही. उलट त्याच्या आठवणीची जागा हा पसारा खातो, म्हणून तर राग येतो.

माझे मार्क दहापैकी सात. आणि त्यातले बरेचसे एका गोष्टीसाठी. सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासात आई शुरीला नदीकाठी नेते. वर्ष झालंय, शोकाचे कपडे जाळून सुतक संपवू म्हणते. शुरी तयार होत नाही. शेवटी सगळी युद्धं संपल्यावर ती हैतीच्या किनाऱ्यावर एकटीच बसते आणि ते कपडे आगीत टाकते. ना स्फोट, ना डायलॉग. फक्त आग, तिचा चेहरा आणि आठवणीतला भाऊ. वीसेक कोटी डॉलरच्या वर खर्च केलेल्या सिनेमातला हा सगळ्यात स्वस्त सीन असावा. पेपर तिथेच सुटला.

लिफ्ट आली तेव्हा मी मैत्रिणीला एवढंच म्हटलं, "लांबला म्हण. बिनधास्त म्हण. पण कुठे रडलीस तेही सांग."