डीजे चारच का मोजतो? सहा आणि सात मात्रांवरही वरात नाचू शकते

हळदीला बायका वर्षानुवर्षं म्हणत आलेलं गाणं डीजेवर रिमिक्स होऊन वाजतं. शब्द तेच, सूरही तेच. तरी आजी म्हणते, ‘हाई आमनं गाणं नही शे.’ जळगाव-धुळ्याकडच्या लग्नात असं काही ऐकलं असेल, तर आजीच्या कानावर विश्वास ठेवा. अशा बऱ्याच गाण्यांची चाल दादऱ्याची म्हणजे सहा मात्रांची, झुलती असते. रिमिक्समध्ये ती चारच्या खाच्यात ठोकून बसवलेली असते.

चारचा हट्ट कुठला?

हाउस, टेक्नो, ट्रान्स हे सगळे प्रकार ४/४ वर चालतात. चार मात्रांचं आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे तो छातीत बसणारा ‘धप्प’. वेग १२० बीपीएम असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक. पाय दोनच असल्यामुळे सम आकडा सोपा पडतो आणि एका गाण्यात दुसरं मिसळणंही सोपं जातं.

यंत्रांनी हा हट्ट पक्का केला. १९८० मध्ये आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनवर १६ बटणांची ओळ होती, चार-चारच्या रंगांत वाटलेली. आज एफएल स्टुडिओ उघडलं तरी समोर १६ घरंच येतात. ती बदलता येतात, पण कितीजण बदलतात?

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबईच्या चरणजित सिंग यांचं. १९८२ मध्ये त्यांनी टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं घेऊन यमन, मालकंस असे दहा राग डिस्को बीटवर वाजवले. तेव्हा त्या रेकॉर्डची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि अ‍ॅसिड हाउस हा प्रकार ऐकणारे जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोतलं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं होतं १९८७ मध्ये. काम थोर आहेच. पण त्यात राग दहा आले आणि ठेका एकच राहिला. झपताल, रूपक दारातच थांबले.

परदेशातही तेच. ‘मिशन इम्पॉसिबल’ची मूळ धून पाच मात्रांची. १९९६ च्या चित्रपटासाठी तिची डान्स आवृत्ती केली, तेव्हा बराचसा भाग चारमध्ये आणला गेला.

मग सातावर नाचता येतच नाही?

येतं. बल्गेरियात राचेनित्सा हे लोकनृत्य ७/८ वरच नाचतात, २+२+३ असं मोजून. आणि सहाचं तर विचारूच नका. नवरात्रात जळगावात, धुळ्यात गरब्याला जो हिंच वाजतो, तो सहाचाच. तिथे कुणी मोजत बसत नाही.

लॅपटॉपवर करायचं असेल तर वेगाच्या आकड्याशेजारी किंवा प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ‘टाइम सिग्नेचर’ शोधा आणि ६/८ करा. किक पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा. झुलता ठेका परत येतो, बेसही तितकाच जोरात राहतो.

सातासाठी दोन रस्ते आहेत. पहिला हिशेबाचा. किक चारच्या चालीतच ठेवायची आणि वरची धून सात मात्रांची करायची. चार आणि सातचा लसावि २८, म्हणजे १२० बीपीएमला दर १४ सेकंदांनी दोघं पुन्हा समेवर भेटतात. पाय चुकत नाहीत, पण धून प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडत राहते. (शाळेतला लसावि कधीतरी उपयोगी पडला म्हणायचं.)

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: रूपक. ‘ती ती ना, धी ना, धी ना’. यात गंमत अशी की सम हीच खाली. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा घुमारा नाही. तो येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. किक तिथेच टाका. डीजे ड्रॉपच्या आधी बेस काढून घेतो आणि लोक श्वास रोखतात, ती पोकळी रूपकात दर आवर्तनाला आयती मिळते.

आता अडचणीचं. डीजे सॉफ्टवेअर ४/४ गृहीत धरून मोजतं. सहाच्या गाण्याचा वेग ते कधीकधी दीडपट दाखवतं, ९० च्या जागी १३५. अशा वेळी ‘सिंक’ दाबलं तर गाणं ओढलं जातं आणि ऐन वरातीत पाय अडखळतात. सातचं गाणं चारच्या गाण्यात मिसळताना वेग जुळला तरी सम दर आवर्तनाला सरकते. म्हणून तिथे लांबलचक मिक्स नको. मधे दोन-तीन सेकंद नुसती ढोलकी किंवा टाळ्या ठेवा आणि पुढचं गाणं समेवर सोडा. सहाच्या गाण्यांना सिंक बंद ठेवून टॅप बटणावर बोटानं मोजलेला वेगच भरवशाचा.