फुप्फुसाचा नकाशा

फुप्फुसातील गाठीसाठी एकदा सीटी स्कॅन झालेला असताना सर्जन पुन्हा वेगळा स्कॅन का सांगतात, असे रुग्णांचे नातेवाईक मला हमखास विचारतात. यात पैसे उकळण्याचा प्रकार तर नाही ना, ही शंकाही काहींच्या चेहऱ्यावर दिसते.

शरीरशास्त्राच्या पुस्तकातले चित्र नीटनेटके असते. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. त्यांचे पुन्हा उपखंड आणि प्रत्येक उपखंडाला स्वतःची श्वासनलिका व धमनी. प्रत्यक्षात मात्र माणसागणिक फरक आढळतो. डाव्या वरच्या खंडाला कोणाला तीन धमन्या, तर कोणाला सहा-सात. उजव्या मधल्या खंडाची नीला सहसा वरच्या नीलेला मिळते; काहींमध्ये ती खालच्या नीलेला जाऊन मिळते. अशा माणसाचा खालचा खंड काढताना ती नकळत बांधली गेली, तर मागे राहिलेल्या निरोगी मधल्या खंडातले रक्त बाहेर पडायला वाट उरत नाही आणि तो खंड रक्ताने तुंबतो. एरवी अशा वेगळेपणाचा त्रास काहीच नसतो, त्यामुळे तो जन्मभर कळतही नाही.

१९३३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस काढले. (रुग्ण स्वतः डॉक्टर होते. पुढे ते सुमारे तीस वर्षे जगले!) नंतर एक खंड काढणे पुरेसे ठरले, आणि आता लहान गाठीसाठी केवळ उपखंड काढतात. जपानमध्ये दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फुप्फुसाच्या बाहेरील भागातील गाठी असलेल्या १,१०६ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के, तर खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के रुग्ण हयात होते. मात्र त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण उपखंडवाल्यांत अधिक होते, हेही सांगायला हवे.

जितका लहान भाग काढायचा, तितक्या बारीक फांद्या ओळखाव्या लागतात. शिवाय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनला आत हात घालून चाचपता येत नाही. म्हणून शिरेत औषध देऊन सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या कापांचा स्कॅन करतात. संगणक ते काप एकावर एक रचतो आणि धमन्या, नीला व श्वासनलिका वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. हे त्रिमिती चित्र हवे तसे फिरवून कोणती फांदी बांधायची आणि कोणती जपायची, हे आदल्या दिवशीच ठरवता येते. पहिला स्कॅन औषधाविना किंवा जाड कापांचा असेल, तर त्यातून हे नीट साधत नाही.

तरी चित्र ते चित्रच. स्कॅन भरल्या श्वासात होतो, शस्त्रक्रियेत फुप्फुस मिटलेले असते. अगदी बारीक फांदी निसटूही शकते. माझ्या मते अनुभवी हाताला पर्याय नाही.

औषध देण्यापूर्वी मूत्रपिंडाची रक्ततपासणी होते. मधुमेह, दमा किंवा पूर्वीची अ‍ॅलर्जी असल्यास आधीच सांगावे. आणि स्कॅन सेंटरमधून फक्त फिल्म व रिपोर्ट घेऊन निघू नका, सीडीही मागून घ्या. फिल्मवरून त्रिमिती चित्र बनत नाही.