माळावरच्या शाळेतली पोरं कुठं कुठं पोचली

वारंगा फाट्याला नांदेडकडून आलेला रस्ता दोन वाटांनी फुटतो. एक कळमनुरी, हिंगोलीला जाते. दुसरी हदगाव, उमरखेड करत यवतमाळला पोचते. या यवतमाळात १९७३ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. फाट्यावरून उलट नांदेड, लोह्याच्या अंगानं गेलं की अहमदपूर लागतं आणि तिथून अंबाजोगाई. अंबाजोगाईत १९८३ साली संमेलन झालं, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. लगेच पुढच्या वर्षी, १९८४ ला, जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात.

ही तीन नावं एका ओळीत ठेवून त्यांची गावं बघा. गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, व्यंकटेश माडगूळचे, खरात खुद्द आटपाडीचे. तिन्ही गावं आज सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात येतात. मराठी मुलखात एवढे तालुके, एवढी विद्यापीठं, पुण्या-मुंबईत एवढे प्राध्यापक. आणि अकरा वर्षांत संमेलनाच्या अध्यक्षपदावर तीन माणसं बसली ती एका दुष्काळी तालुक्याची. हे कळल्यावर मी कितीतरी वेळ नुसता नकाशा बघत बसलो होतो. कारण तिघांत दोघे सख्खे भाऊ, एका कारकुनाची मुलं, आणि तिसरा महारवाड्यातल्या तराळाचा मुलगा. आणखी एक गोष्ट: त्या दोघा भावांपैकी एक मॅट्रिकला गणितात गचकलेला, दुसऱ्याचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलेलं. मग शाळेनं यांना दिलं तरी काय?

आधी ती जमीन बघू. पावसाळी ढग अरबी समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीला धडकून तिथंच मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, आटपाडी ज्यात येते त्या माणदेशात, तो पाचशेच्या आसपास येतो, आणि तोही नेमानं येईल याचा भरवसा नाही. अमेरिकेतल्या प्रेअरीत गवताखाली खोल, सुपीक माती होती, म्हणून ती नांगरून गव्हाची कोठारं झाली. माणदेशात वीतभर खणलं की मुरूम लागतो. अशा जमिनीवर झाडाला पुरेल एवढी ओल टिकत नाही. गवताला मात्र ती पुरते. बाभळ, हिवर, बोर एवढीच काय ती उंच म्हणावीत अशी झाडं. बाकी नजर जाईल तिथवर माळ, त्यावर मेंढरं, खिल्लार जनावरं, लांडगा आणि खोकड. सरकारी कागदांत अशा माळांची गणती कितीदा पडीक जमिनीत होते, आणि मला ते फार चुकीचं वाटतं.

त्या माळावरचं कुसळी गवत एकदा जवळून बघण्यासारखं आहे. बियाला टोकदार सुई असते आणि मागे लांब शेपूट. ही शेपूट वाळली की स्वतःभोवती पीळ घेते, दव पडलं की पीळ सुटतो. पीळ बसणं आणि सुटणं यांतून जी फिरकी मिळते तिच्या जोरावर बी गिरमिटासारखं मातीत उतरतं. पाऊस येण्याआधीच पेरणी झालेली असते, ती सुद्धा कुणाचा हात न लागता. आणि माती सापडली नाही तर मेंढीच्या लोकरीत किंवा धोतराच्या सोग्यात घुसून दहा कोस जातं, तिथं रुजतं.

आता शाळा. आटपाडी स्वातंत्र्याआधी औंध संस्थानात होती. औंध म्हणजे जेमतेम ७२ गावांचं राज्य, तेही तुकड्यातुकड्यांचं: औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी पार पूर्वेला, मधे दुसऱ्यांचा मुलूख. १९०९ पासून गादीवर होते भवानराव पंतप्रतिनिधी. हा राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा, आणि सूर्यनमस्कारांवर त्याची इतकी श्रद्धा होती की संस्थानातल्या शाळांत पोरांना ते घालावेच लागत. त्यानं औंधला यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. १९३८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत आजही देशी-परदेशी चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं एक शिल्पही आहे. खेड्यातून आलेल्या पोराला जिथं चित्र म्हणजे काय हे राजवाड्याच्या भिंतीवर बघायला मिळे, अशा गावात संस्थानाचं हायस्कूल होतं. साने गुरुजीही काही काळ औंधला शिकले; प्लेगची साथ आली म्हणून त्यांना गाव सोडावं लागलं.

माडगूळकरांचे वडील या संस्थानात कारकून. बदली होईल तसं बिऱ्हाड हले, आणि पोरांची शाळाही. गदिमा आटपाडी, कुंडल, औंध असे शिकत गेले. मॅट्रिकला गणितानं दगा दिला आणि घरची परिस्थिती अशी की पुन्हा बसण्याइतकी उसंत नव्हती. १९३८ च्या सुमारास ते कोल्हापूरला चित्रपटात आले. ‘ब्रह्मचारी’त छोटीशी भूमिका मिळाली. काही काळ ते वि. स. खांडेकरांचे लेखनिक होते. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: दीडशेहून अधिक मराठी चित्रपट, आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी गीतरामायणाची ५६ गाणी. पण मला त्यांचं एक वेगळंच काम सांगायचंय.

औंधच्या राजानं १९३९ साली आपले अधिकार प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा एक विलक्षण माणूस होता. वॉर्सॉचा हा पोलिश इंजिनिअर भारतात आला आणि इथलाच झाला. पुढे निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणून त्यानंच ते जगभर पोचवले. त्याच्या प्रेरणेनं १९३९ मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू झाली. तिथं जन्मठेपेचे कैदी ठेवायचे, पण भिंत नाही, बेडी नाही. कैद्यानं माळाची जमीन कसायची, विहिरीचं पाणी शेंदायचं, बायकापोरांना जवळ आणून घर करून राहायचं. पळून जायला चारी दिशा मोकळ्या, आणि त्याला धरून ठेवायला फक्त दिलेला शब्द. ही वसाहत आजही राज्याच्या तुरुंग विभागाखाली चालू आहे.

आटपाडीच्या शाळेतल्या पोरानं ही गोष्ट उचलली आणि व्ही. शांतारामांकडे नेली. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा तो चित्रपट, कथा गदिमांची. सहा खुनी कैदी आणि त्यांना उजाड माळावर शेती करायला नेणारा जेलर. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ कित्येक शाळांत सकाळची प्रार्थना म्हणून म्हणतात. ते गाणं भरत व्यासांचं आणि चाल वसंत देसाईंची; पण ज्या चित्रपटासाठी ते जन्मलं त्याचं मूळ माणदेशच्या मुरमात आहे. आपल्या पोरांनी रोज म्हटलेल्या प्रार्थनेचा धागा असा आटपाडीला निघतो, हे मला तरी मोठं नवल वाटतं.

शंकरराव खरातांची वाट सर्वांत खडतर. जन्म १९२१ चा. बाप गावकीची कामं करणारा तराळ: दवंडी द्यायची, सांगावा पोचवायचा, रात्रीअपरात्री गावचा निरोप घेऊन पायी चालायचं. त्या घरातून निघालेला मुलगा आटपाडीची शाळा करून औंधच्या हायस्कुलात गेला, तिथून पुण्याला, तिथून वकिलीला. बाबासाहेबांच्या चळवळीत उतरला, १९५६ मध्ये बौद्ध झाला, ‘प्रबुद्ध भारत’चा संपादक झाला. ‘सांगावा’, ‘तडीपार’, ‘बारा बलुतेदार’ या त्यांच्या पुस्तकांत गावगाड्याच्या तळाशी असलेली माणसं आपल्या नावागावानिशी उभी राहिली. १९८१ चं त्यांचं आत्मचरित्र ‘तराळ-अंतराळ’ ज्यानं वाचलं नसेल त्यानं ते मिळवून वाचावंच. शाळेनं त्यांना दार उघडून दिलं, पण त्या दारातून जाताना जातीचे चटके बसायचे राहिले नाहीत. राजा कितीही उदार असला तरी गाव गावच होतं, आणि हे झाकून औंधचं कौतुक करण्यात मला प्रामाणिकपणा वाटत नाही.

हेच खरात १९७० च्या दशकात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं, हिंगोली जिल्हा १९९९ चा. खरातांच्या काळात वारंगा फाटा, कळमनुरी, हिंगोली हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता, आणि इथल्या पोरांच्या पदव्या औरंगाबादच्या त्याच विद्यापीठातून येत. तराळाचा मुलगा त्या विद्यापीठाचा प्रमुख होता हे पदवी हातात घेणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. कुणाच्या घरी तेव्हाची पदवी फ्रेम करून लावलेली असेल तर खालची सही जरूर बघावी.

धाकटे माडगूळकर, व्यंकटेश, १९२७ चे. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी घर आणि शाळा दोन्ही सोडलं. पण त्याआधी, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं तेव्हा, ते निंबवड्याच्या बाजूला शाळामास्तर होते. त्या अनुभवातून १९५५ साली ‘बनगरवाडी’ आली. वडील भावाचं गीतरामायण याच वर्षी सुरू झालं होतं, आणि त्याच सुमारास धाकट्यानं पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमाची नोकरी धरली.

‘बनगरवाडी’ ही माळावरच्या शाळेचीच कादंबरी आहे. संस्थानानं नेमलेला पोरसवदा मास्तर धनगरांच्या तीसपस्तीस घरांच्या वस्तीत येतो. शाळा आहे, पण पोरं कुठं? ती मेंढरांमागे. शाळेत बसलेलं पोर म्हणजे घरच्या कळपामागचे दोन पाय कमी. मास्तरनं मग घरोघर फिरायचं, म्हाताऱ्या कारभाऱ्याचं मन वळवायचं, मनिऑर्डरी लिहायच्या, भांडणं मिटवायची, आणि या सगळ्यातून कधीतरी बाराखडीपर्यंत पोचायचं. मग वस्ती मिळून तालीम बांधते, राजा स्वतः बघायला येतो; आणि पुढे दुष्काळ पडतो, घरामागून घर उठतं, शाळेत कुणी उरत नाही. सरकारी अहवालात तो नुसता ‘पटसंख्या शून्य’ असा शेरा झाला असता. माडगूळकरांनी त्या पटावरची माणसं ठेवली. पुढे ही कादंबरी इंग्रजीत गेली आणि १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. माडगूळकरांच्याच ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; त्यात माणसं नाहीत, वानरांच्या टोळ्या आहेत. माळावर तासन्‌तास जनावर न्याहाळायची सवय लागलेला माणूसच ते लिहू शकतो. म्हणून मला वाटतं, या शाळांनी पोरांच्या हातात दिलेलं खरं भांडवल प्रमाणपत्राचं नव्हतं. अक्षर आलं, चार गोष्टी पाहायला मिळाल्या, आणि बाकीचं शिक्षण सुट्टीनंतरच्या माळावर झालं.

पण या शाळांतून बाहेर पडलेल्या हजारो पोरांपैकी लेखक झाले ते मोजके. बाकीचे कुठं गेले? त्यांतल्या पुष्कळांचा पत्ता देशभरातल्या सराफ बाजारांत लागतो.

आटपाडी, खानापूर-विटा, तासगाव, खटाव, माण या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणं. दुष्काळात एक जण बाहेर पडला, त्यानं भाच्याला नेलं, भाच्यानं मेहुण्याला, असं करत केरळपासून बंगालपर्यंत या लोकांची दुकानं झाली. चारपाच इयत्ता शिकलेलं पोर दुकानात झाडलोटीला राही आणि बघत बघत कारागीर होई.

काय करतात ते ऐका. मोडीचा दागिना येतो, त्यात सोन्याबरोबर चांदी, तांबं, डाग असतो. सोन्यावर नायट्रिक ॲसिडचा परिणाम होत नाही. चांदी आणि तांबं मात्र त्यात विरघळतं. मग नुसतं ॲसिडात टाकलं की झालं? नाही. सोन्याचं प्रमाण जास्त असेल तर आतली चांदी सोन्याच्या कोंदणात सुरक्षित राहते, ॲसिड तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून गलाईवाला आधी त्यात आणखी चांदी घालतो. सोनं शुद्ध करण्यासाठी त्याला मुद्दाम अशुद्ध करतो. सोनं एक भाग आणि बाकी तीन भाग, असं साधून मुशीत आटवतो, पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतो आणि मग तेजाबात उकळतो. चांदी, तांबं निघून जातं, पाणी निळसर-हिरवं होतं, आणि तळाशी उरते तपकिरी भुकटी. हे सोनं आहे असं सांगितलं तर नवख्याला पटणार नाही. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा भट्टीत धरली की मुशीत पिवळं तेज उजळतं. त्या पाण्यात तांब्याची पट्टी ठेवली की विरघळलेली चांदीही परत येऊन तिच्यावर बसते. फुकट काही जात नाही. दुकानाचा केर सुद्धा धुऊन त्यातला कण काढतात.

ॲसिडाचा धूर छातीत जातो, त्याची किंमत या माणसांनी मोजलेली आहे. त्यांची पोरं आता मल्याळम नाहीतर तमिळ शाळेत शिकतात आणि घरात माणदेशी बोलतात. गावच्या जत्रेला परतणाऱ्या गाड्यांवर केरळ, तमिळनाडू, आंध्राच्या पाट्या असतात, आणि देवळाच्या, शाळेच्या वर्गणीत परगावच्या दुकानदारांची नावं. या माणसांवर अजून कुणी ‘बनगरवाडी’ लिहिलेली नाही. त्यांच्यातले म्हातारे अजून बोलायला आहेत, आणि दाखल-खारीज रजिस्टरं गावोगावच्या शाळांच्या कपाटांत आहेत. कुणीतरी ती उघडून एकेका नावामागे जायला हवं.