चावी कुणाच्या खिशात?

स्वतःचा चॅटबॉट बनवणं आता सबमिशन पूर्ण करण्यापेक्षा सोपं झालंय. पण त्या बॉटच्या चाव्या सांभाळणं? तिथे भलेभले गंडतात. आम्हीही गंडलो, आणि त्याचे पैसे भलतीनंच भरले.

तर झालं असं, की थर्ड इयरला असताना आम्ही चौघांनी आमच्या मेससाठी एक बॉट बनवला. मेस कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत. काकूंची रोजची तक्रार एकच, "किती जण येणार ते आधी सांगत जा रे. कधी भात उरतो, कधी पोळ्या कमी पडतात." म्हटलं, हे तर आपलं काम! टेलिग्रामवर बॉट सुरू केला. 'मेनू' टाइप केलं की मेनू यायचा, 'येतो' किंवा 'नाही' टाकलं की काकूंना आकडा कळायचा. "आज प्रॅक्टिकल आहे, उशीर होईल, भाजी झाकून ठेवा" असली वाक्यंही त्याला समजायची, कारण मागे एक एआय मॉडेल जोडलं होतं. बॉटचा मुक्काम इंदिरानगरच्या फ्लॅटवर, एका मित्राच्या स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपमध्ये. आम्ही त्याला ऐटीत 'आपला सर्व्हर' म्हणायचो.

महिनाभर मस्त चाललं. मग बॉट मधूनच गप्प बसायला लागला. लॉगमध्ये '४०९ कॉन्फ्लिक्ट' अशी एरर दिसायची. आम्ही वायफायला शिव्या दिल्या, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि इंटर्नलच्या अभ्यासाला लागलो.

चार दिवसांनी फर्स्ट इयरची एक मुलगी मेसमध्ये भेटली. "दादा, ॲडव्हान्स भरलाय. पावती कधी मिळेल?"

कसला ॲडव्हान्स? तिनं मोबाइल पुढे केला. आमच्याच बॉटचा मेसेज होता. पुढच्या महिन्याचे पैसे आज भरले तर सवलत, आणि खाली क्यूआर कोड. अठराशे रुपये गेले होते. ती सुरगाण्याहून शिकायला आलेली, घरून महिन्याला मोजून पैसे यायचे. "अगं, एकदा विचारायचं तरी," असं कुणीतरी म्हणालं. त्यावर ती एवढंच बोलली, "बॉट तुमचाच होता ना?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

४०९ काय सांगत होतं?

टेलिग्रामवर 'बॉटफादर' नावाचा एक बॉट असतो. नवीन बॉट काढला की तो एक टोकन देतो. आधी काही आकडे, मग कोलन, मग अक्षरांची लांबलचक माळ. तुमचा प्रोग्राम हे टोकन दाखवतो आणि विचारत राहतो, "माझ्यासाठी काही मेसेज आलेत का?" अशा पद्धतीनं एका वेळी एकालाच मेसेज मिळतात. त्याच टोकननं दुसराही विचारायला आला, की ४०९. म्हणजे ती एरर ओरडून सांगत होती, की तुमचा बॉट आणखी कुणीतरी चालवतंय! ज्यांचे मेसेज त्या माणसाच्या हाती लागले, त्यांना तो आमच्या बॉटच्या नावानं उत्तरं देत होता.

त्याला टोकन मिळालं कुठून? आम्हीच दिलं. रिझ्युमेत लिंक टाकता यावी म्हणून आम्ही सगळा कोड गिटहबवर पब्लिक केला होता. आणि टोकन कोडमध्येच होतं, अगदी वरच्या ओळींत, अवतरणचिन्हांत.

आपण पासवर्ड जपतो, कारण तो 'आपला' वाटतो. टोकन किंवा एपीआय की मात्र कोडचाच भाग वाटते. प्रत्यक्षात पासवर्डच्या मागे निदान ओटीपी तरी असतो. टोकनच्या मागे बहुतेक वेळा काहीच नसतं. ज्याच्या हातात चावी, तो मालक. नाशिककरांना हे कळायला अवघड जाऊ नये. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे, १९२८ पासून नोटांची प्रेस आहे. तिथल्या कोऱ्या कागदाचाही हिशेब का ठेवतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

आम्ही एकटे नाही

गिटगार्डियन ही कंपनी गिटहबवर उघड्या पडलेल्या चाव्या शोधते. तिच्या अहवालानुसार एकट्या २०२४ मध्ये पब्लिक कोडमध्ये अशा सुमारे २ कोटी ३८ लाख नव्या चाव्या सापडल्या. यात सगळे विद्यार्थीच असतात असंही नाही. २०१६ मध्ये उबरच्या इंजिनिअर्सच्या गिटहबवरच्या कोडमध्ये हॅकर्सना क्लाउडची चावी सापडली आणि जगभरातल्या ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती बाहेर गेली. टोयोटाच्या एका सेवेची चावी तर २०१७ ते २०२२ अशी जवळपास पाच वर्षं गिटहबवर उघडी पडून होती.

पहिली चूक: ओळ पुसली, चावी नाही

प्रकार कळल्यावर आम्ही घाईघाईनं कोडमधली टोकनची ओळ डिलीट केली, पुश केलं आणि सुटकेचा श्वास सोडला. बॉट रात्री पुन्हा क्यूआर पाठवत होता! गिट जुनं काहीच विसरत नाही. आधीचे कमिट उघडले की टोकन जसंच्या तसं. शिवाय ज्यानं ते कॉपी केलंय, त्याच्याकडून ते परत कसं आणणार?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी चावी रद्द, मग बाकीचं सगळं. टेलिग्रामवर बॉटफादरला 'रिव्होक'ची कमांड दिली की जुनं टोकन मरतं आणि नवं मिळतं. एआय सेवेच्या डॅशबोर्डवरही जुनी की डिलीट करून नवी काढता येते. दोन मिनिटांचं काम. कुणाचे पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तिथे जितका उशीर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता कमी. आम्ही चार दिवस उशिरा होतो.

मग चावी ठेवायची कुठे?

आधी मोजा, चाव्या आहेत किती. आमच्या एवढ्याशा बॉटला तीन होत्या. टेलिग्रामचं टोकन म्हणजे बॉटचा आवाज. एआय मॉडेलची की म्हणजे बॉटचं पाकीट, कारण तिथे वापराप्रमाणे बिल येतं. आणि डेटाबेसचा पासवर्ड म्हणजे लोकांची माहिती. तिन्ही एकाच फाइलमध्ये आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होत्या!

पहिला नियम असा, की कोडमध्ये चावीचं फक्त नाव असावं, चावी नाही. खरी चावी 'डॉट ईएनव्ही' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि प्रोग्रामनं ती चालू होताना तिथून वाचायची. या फाइलचं नाव 'डॉट गिटइग्नोअर'मध्ये टाकायचं, तेही पहिल्या कमिटच्या आधी. एकदा कमिट झालेली फाइल नंतर इग्नोअर करून काही उपयोग नाही. टीममधल्या इतरांना काय भरायचं ते कळावं म्हणून रिकाम्या जागांची एक नमुना फाइल रेपोत ठेवा. सर्व्हरवर ही फाइल फक्त बॉट चालवणाऱ्या युजरलाच वाचता येईल, अशी परवानगी लावा.

दुसरं, टेस्टिंगची चावी वेगळी आणि खऱ्या बॉटची वेगळी. प्रयोग करताना एखादी सांडली तरी खरा बॉट सुरक्षित राहतो. एआय सेवेवर खर्चाची मर्यादा लावता येत असेल, तर ती लावल्याशिवाय झोपू नका.

तिसरं, स्क्रीनशॉट. टेलिग्रामचं टोकन थेट वेबपत्त्यातच जातं, त्यामुळे कनेक्शनची साधी एरर आली तरी लॉगमध्ये अख्खं टोकन छापलं जाऊ शकतं. "भावा, ही एरर बघ ना" म्हणत तो फोटो दोनशे जणांच्या ग्रुपवर गेला, की संपलं! प्रोजेक्ट रिपोर्ट, पीपीटी, यूट्यूबवरचा डेमो, एआयला चिकटवलेला कोड, सगळीकडे तीच काळजी घ्या.

गिटहब २०२४ पासून पब्लिक रेपोंमध्ये ओळखीच्या नमुन्याच्या चाव्या पुश करतानाच अडवतं. पण प्रत्येक प्रकारची चावी त्याला ओळखता येत नाही. हेल्मेट आहे म्हणून कुणी मुंबई नाक्याला सिग्नल तोडत नाही ना?

"मग मॉडेलच आपल्या लॅपटॉपवर चालवू, कीच नको," असंही कुणी म्हणेल. ओलामासारख्या सॉफ्टवेअरनं ते जमतं, बिलही वाचतं. पण ओलामाला मुळात कुलूपच नसतं. ते फक्त आपल्याच मशीनपुरतं ऐकतं, म्हणून सुरक्षित. मित्राला वापरता यावं म्हणून ते इंटरनेटवर उघडं केलं, की जगातला कुणीही तुमच्या लॅपटॉपला राबवून घेऊ शकतो.

पासआउट झालेल्यांच्या चाव्या

कॉलेजच्या बॉटांचं आणखी एक दुखणं आहे. फेस्टचा बॉट सीनियरच्या पर्सनल अकाउंटवर असतो. सीनियर पुण्याला नोकरीला जातो, चावी त्याच्याकडेच राहते. वर गेल्या तीन बॅचमध्ये ती किती जणांकडे पोचली, कुणालाच माहीत नसतं. म्हणून बॉट क्लबच्या अकाउंटवर काढा, कुठली चावी कुणाकडे आहे याची एक वही ठेवा आणि दरवर्षी टीम बदलली की चाव्याही बदला. भाडेकरू बदलला की कुलूप बदलतात, तसंच.

आणि आता सिंहस्थ

हे सगळं आत्ता सांगायला एक कारण आहे. २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबच्या साथीनं नाशिकमध्ये 'कुंभथॉन' झालं होतं. त्यात नाशिकच्या निलय कुलकर्णीनं शाळकरी वयात साथीदारांसह पावलं मोजून गर्दीचा अंदाज देणारी 'अशिओटो' ही पट्टी बनवली. २०२५ च्या प्रयागराज कुंभात सरकारचाच ११ भाषांत बोलणारा एआय चॅटबॉट होता. २०२७ मध्ये पुन्हा आपली पाळी. रामकुंडाकडे कुठून जायचं, गाडी कुठे लावायची, हरवलेलं माणूस कुठे शोधायचं, हे सांगणारे बॉट इथल्या कॉलेजांतली पोरंही बनवतील. बनवायलाच हवेत.

पण गर्दीत हरवलेल्या आजीला शोधणारा नातू तुमच्या बॉटला विचारेल आणि बॉट म्हणेल तिकडे धावत सुटेल. त्या वेळी बॉटच्या तोंडून नक्की कोण बोलतंय, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आमचं पुढे काय झालं? अठराशे रुपये आम्ही चौघांनी काढून तिला दिले. ती आधी घेतच नव्हती, मग काकूंनी दटावल्यावर घेतले. बॉट नव्या टोकनसह पुन्हा सुरू केला. सगळ्यांना पहिला मेसेज गेला तो माफीचा, आणि त्यात एक ओळ टाकली, 'हा बॉट कधीही पैसे मागणार नाही.' आता आम्ही पासआउट झालोय. जाताना सगळ्या चाव्या बदलल्या आणि नव्या चाव्यांची फाइल तिच्याच ताब्यात दिली.

तिनं पहिला प्रश्न विचारला, "दादा, तुमच्या लॅपटॉपमधली कॉपी डिलीट केली का?"

केली नव्हती. तिच्यासमोर केली. आज तुम्हीही तुमचा जुना रेपो एकदा उघडून बघा.