रफार कुठं गेला? ओपन सोर्स पॅकेजमधल्या फाइलींच्या मांडणीची गोष्ट

बसमध्ये किंवा शेतात नेट गेल्यावर एपिसोड मध्येच थांबतो, असे बरेच मेसेज येतात. तर हा त्याचा लिहिलेला भाग. कोडिंग येत नसलं तरी वाचा, कारण गोष्ट एका हरवलेल्या फाइलीची आहे.

माझे मामा अंबाजोगाईत डीटीपीचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, सगळं. एका वाचनालयाची पुस्तकयादी त्यांनी कित्येक वर्षांपासून जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवली होती. वाचनालयाला ती आता युनिकोडमध्ये हवी होती, म्हणजे मोबाइलवर लेखकाचं नाव टाकलं की पुस्तक सापडेल. मामा दोन पोरांना बसवून सगळं पुन्हा टाइप करून घेणार होते. मी म्हटलं, "मामा, पैसे घालवू नका. माझं पॅकेज आहे ना."

खरंच आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं एक छोटं ओपन सोर्स पॅकेज मी पायथनमध्ये लिहिलंय. मी केज तालुक्यातल्या घरी, मामा दुकानात. फोनवरून सांगत सांगत त्यांच्या कॉम्प्युटरवर ते बसवलं. यादी बदलली. एरर एकही नाही. मी खूश.

संध्याकाळी मामांचा फोन. "कामून रे, रफार कुठं गेला? दुर्गा भागवतांचं दुगा भागवत झालंय. कर्वे तर सापडंनाच."

माझ्या लॅपटॉपवर तीच यादी, तोच कोड, आणि रफार जागच्या जागी!

आधी रफाराची भानगड

जुन्या फॉन्टमध्ये मजकूर म्हणजे आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची. फॉन्ट त्यांना मराठीचा वेश घालायचा. फॉन्ट काढला की उरते नुसती खिचडी. म्हणून बदलताना तक्ता लागतो: या चिन्हाचा 'क', त्या चिन्हाचा 'म'. पण रफार एवढ्यावर भागत नाही. जुन्या पद्धतीत तो अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा. युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी येतात, मग पुढचं अक्षर. म्हणजे जागाही बदलावी लागते. हे नियम मी एका वेगळ्या तक्त्याच्या फाइलीत ठेवले होते. साधी अक्षरं कोडमध्ये, रफार आणि जोडाक्षरं त्या फाइलीत.

मामांच्या कॉम्प्युटरवर ती फाइल पोचलीच नव्हती.

माझं फोल्डर आणि तुमचं पॅकेज

आपल्या बीड जिल्ह्यात हे समजवायला लांब जायला नको. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणारी कुटुंबं ट्रॅक्टरमध्ये सामान भरतात. ज्वारी, तवा, हंडा, कोपीचं सामान, कोयते. घरी राहिलेला तवा फडावर कामाला येत नाही. घरात तो आहे, हे कितीही खरं असलं तरी!

सॉफ्टवेअरचं तसंच. माझ्या लॅपटॉपवरचं फोल्डर म्हणजे घर. तुम्ही 'पिप इन्स्टॉल' करता तेव्हा येतो तो ट्रॅक्टर. पायथनमध्ये त्या भरलेल्या ट्रॅक्टरला 'व्हील' म्हणतात, आणि ती आतून साधी झिप फाइल असते. तुमच्या फोनमधल्या ॲपची एपीके फाइलसुद्धा झिपच असते. जे झिपमध्ये भरलं तेवढंच पोचतं.

माझ्या घरात मांडणी अशी होती: वरच्या फोल्डरमध्ये एक कोडचं फोल्डर, आणि त्याच्या शेजारी 'डेटा' नावाचं फोल्डर. तक्ता या डेटात. कोड म्हणायचा, "जिथं उभा आहेस तिथलं डेटा फोल्डर उघड." मी कायम त्याच जागेवरून प्रोग्राम चालवायचो, म्हणून तक्ता सापडायचा. माझ्या टेस्टही तिथूनच चालायच्या, म्हणून सगळ्या पास.

इशारा मिळाला होता

लाज वाटते, पण सांगतो. पॅकेज बांधणाऱ्या सेटअपटूल्सने मला अडवलं होतं. 2022 मध्ये आलेल्या 61 व्या आवृत्तीपासून ते शेजारी-शेजारी दोन फोल्डर दिसले की थांबतं आणि विचारतं, यातलं पॅकेज कुठलं? मला घाई. मी सेटिंगमध्ये कोडच्या फोल्डरचं नाव लिहून टाकलं. एरर गेली. त्याबरोबर डेटाही ट्रॅक्टरमधून उतरला.

दुसरी चूक त्याहून वाईट. तक्ता सापडला नाही तर काही न बोलता पुढे जा, असं मी कोडमध्ये लिहिलं होतं. प्रोग्राम बंद पडला असता तर मामांनी लगेच फोन केला असता. तो चालला, आणि चुकीचं चालला. मामांनी नजर टाकली नसती तर ती यादी तशीच वाचनालयात गेली असती. मग कुणी विद्यार्थिनीने 'कर्वे' शोधलं असतं, मोबाइलने सांगितलं असतं, नाहीत. पुस्तक मात्र कपाटात!

दुरुस्ती कशी केली

पाच गोष्टी केल्या. तुमचं स्वतःचं पॅकेज असेल तर लिहून घ्या.

एक, 'एसआरसी' नावाचं फोल्डर केलं आणि कोडचं फोल्डर त्यात टाकलं. यानं काय होतं? पायथन बऱ्याचदा आपण उभे आहोत त्याच फोल्डरमध्ये आधी बघतो, म्हणून इन्स्टॉल न केलेला कोडही चालून जातो. कोड एसआरसीच्या आत गेला की ही पळवाट बंद. आधी इन्स्टॉल करावंच लागतं.

दोन, तक्त्याची फाइल कोडच्या फोल्डरमध्येच नेली आणि सेटिंगमध्ये स्पष्ट लिहिलं की ही फाइलही पॅकेजचा भाग आहे.

तीन, "जिथं उभा आहेस तिथलं" हे काढून टाकलं. पायथनमध्ये 'इम्पोर्टलिब रिसोर्सेस' आहे. त्यातली 'फाइल्स' ही सोय पायथन 3.9 पासून मिळते. ती पॅकेज कुठंही बसवलेलं असो, त्याच्या आतली फाइल शोधून देते.

चार, तक्ता नसेल तर प्रोग्राम थांबतो आणि मराठीत सांगतो की कुठली फाइल नाही.

पाच, व्हील बांधून ती उघडून बघितली. आत 'रेकॉर्ड' नावाची फाइल असते, तिच्यात भरलेल्या सगळ्या फाइलींची यादी असते. मग नवीन, रिकामं वातावरण तयार करून, दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन, तिथं ती व्हील बसवली आणि टेस्ट चालवल्या. खरी परीक्षा हीच.

मग नवीन आवृत्ती टाकली. पायपीआयवर एकदा टाकलेली फाइल त्याच नावाने बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. जुनी आवृत्ती मी 'यँक' केली, म्हणजे कुणी मुद्दाम तोच नंबर मागितला तरच ती मिळते.

जागा चुकली की चांगली फाइलही हरवते

हे पायथनपुरतं नाही. लिनक्सवर मराठी दिसण्यासाठी 'लोहित' फॉन्ट वापरतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले हे फॉन्ट रेड हॅटने सगळ्यांसाठी खुले केले, आणि 2011 पासून ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळा दिसतो, म्हणून मराठीची फाइल वेगळी. पण ती फाइल कितीही सुंदर असो, सिस्टीम फॉन्ट शोधते ते ठरलेल्या फोल्डरांमध्ये. मुख्य जागा म्हणजे 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मधलं 'फॉन्ट्स'. पॅकेजनं भलतीकडे ठेवली तर फाइल डिस्कवर असूनही सिस्टीमच्या लेखी नाही. लिनक्समध्ये कुठली गोष्ट कुठं ठेवायची याचं लेखी मानक 1994 पासून आहे ते याचसाठी.

दुसऱ्या दिवशी मामांकडे नवीन आवृत्ती बसवली. यादी पुन्हा बदलली. या वेळी मी "झालं" म्हटलं नाही. म्हटलं, "मामा, कर्वे शोधा."

कीबोर्डचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "सापडले. दुर्गाबाई पण आल्या. पण आता प्रत्येक पान मी डोळ्यानं बघणार हाय."

बघा मामा, जरूर बघा. तुमच्या डोळ्यांनी पकडलं ते माझ्या सगळ्या टेस्टना दिसलं नव्हतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमचंही एखादं पॅकेज असेल तर आज रात्री त्याची व्हील उघडून बघा, आणि तवा घरीच राहिलाय का ते सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!